केटल तळ्यावरच्या आर्डिसचं ‘नको’

माझी वहिनी आर्डिस टोर्गरसन हिच्याइतकी सालस बाई आमच्या या उत्तरेच्या जंगलात दुसरी नाही, आणि तिच्याइतका डोक्याला ताप देणारं माणूसही दुसरं नाही. मागच्या उन्हाळ्यात मी तिला होडीतून मासे धरायला नेलं होतं. मी गळ फेकला, तो मागच्या मागे तिच्या दंडात रुतला. मला पत्ताच नाही. मी दोरी ओढतोय आणि कुठल्या झाडात अडकली म्हणून शिव्या देतोय. होडी तळ्याच्या मधोमध, तिथे झाड कुठून येणार, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं म्हणा. शेवटी मागून हलकेच आवाज आला, “मर्ल, तुला सवड झाली की जरा इकडे बघशील का? घाई नाही. मासा लागत असेल तर आधी तो घे.”

लोक याला सोशिकपणा म्हणतात. मी छळ म्हणतो.

तसे आमच्याकडे सगळेच थोडेफार असे. कुणी काही पुढे केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, दुसऱ्यांदा ‘कशाला उगीच त्रास’, आणि तिसऱ्यांदा ‘बरं, अगदी एवढंसं’. देणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, घेणाऱ्यालाही. त्यामुळे उपाशी कुणी राहत नाही, फक्त सगळं गार होतं. मीही याच पाण्यातला, पण भूक लागली असेल तर मी दुसऱ्या विचारण्यालाच शरण जातो. आर्डिस कधीच नाही. माझा भाऊ हार्लन याने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा तिनं ‘तुला माझ्यापेक्षा बरी मिळेल’ असं सांगून त्याला घरी पाठवलं होतं. तो आमच्यातलाच, म्हणून पुन्हा गेला, आणि पुन्हा गेला. बाहेरगावचा असता तर त्याला खरोखर दुसरी मिळाली असती आणि ही आयुष्यभर खिडकीत बसली असती.

केटल तळ्यावरचा सरकारी कॅम्प या दोघांनी मिळून सांभाळला. पगार नाही. मे महिन्यापासून बर्फाची चाहूल लागेपर्यंत पहिल्या जागेवर आपली गाडी-खोली, म्हणजे चाकांवरचं घर, लावून फुकट राहायचं, आणि त्याबदल्यात कॅम्पची राखण करायची, एवढाच करार. डांबरी रस्ता संपला की खडीचा, खडीचा संपला की दलदलीतून जाणारी दोन चाकोऱ्यांची वाट, आणि त्या वाटेच्या शेवटी पाइनच्या झाडांत पाण्याकाठी दहा-अकरा तंबूंच्या जागा. वीज नाही. नळ नाही. हातपंप आहे, त्याला आधी वरून पाणी पाजल्याशिवाय तो खालचं देत नाही, आणि देतो ते लोखंडाच्या चवीचं. दोन खड्ड्यांचे संडास. फोनला रेंज हवी असेल तर होड्या उतरवायच्या उतारावरच्या खडकावर चढून उभं राहायचं, तेही वारा बरा असेल तर. माझी खोली समोरच्या काठाला आहे, त्यामुळे कॅम्पावर काही मोडलं की मोडल्याचा आवाजही मलाच आधी ऐकू येतो.

हार्लन चार वर्षांपूर्वी गेला. आम्हाला वाटलं, आता आर्डिस कॅम्प सोडेल. पुढच्या मे महिन्यात ती एकटीच गाडी-खोली ओढत आली, आणि ती मागे घेताना पाइनला घासली, तर झाडाला सॉरी म्हणाली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

काम मात्र ती असं करते की नाव ठेवायला जागा नाही. रोज सकाळी संडास धुणार, चुलींच्या लोखंडी कड्यांतली राख काढणार, अस्वलाने कचऱ्याचं झाकण उचकटलंय का बघणार. शहरातून आलेल्या पोरांच्या मानेवरचे गोचीड काढून देणार. फक्त कुणाला ‘हे करू नका’ असं म्हणता तिला येत नाही. एकदा शिकागोकडचं एक कुटुंब गाडीभर लाकडं घेऊन आलं. बाहेरचं लाकूड इथे आणायला बंदी आहे, त्यातून कीड येते आणि आमची झाडं मरतात. हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. आर्डिसने फक्त फळ्याकडे बोट दाखवायचं होतं. तिनं काय करावं? म्हणाली, “तुमची लाकडं किती छान आहेत, ती जाळायला जीव होणार नाही तुमचा. आमची बर्चची घ्या, ती काय, अशीच पडलेली असतात.” ती अशीच पडलेली नसतात. ती मी फोडतो. त्या आठवड्यात माझी पाठ धरली, आणि ते लोक जाताना तिला मिठी मारून गेले.

दुसऱ्या एका टोळक्याने पाण्याच्या अगदी काठाला जनरेटर लावला. गाणी, दिवे, बर्फाचं यंत्र. इतकी यंत्रं लागत असतील तर माणसं घरीच का थांबत नाहीत, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी पलीकडच्या काठावरून ओरडणार होतो. ही रुबार्बच्या आंबटगोड वड्या ताटलीत घेऊन त्यांच्याकडे गेली, उभी राहिली आणि विचारलं, “या आवाजात तुम्हाला लून पक्षी ऐकू येतात का हो? येत असतील तर बरंच झालं. मला वाटलं, एवढ्या लांब येऊन तुमचं ऐकायचं राहून जाईल.” त्यांनी जनरेटर बंद केला. म्हणजे जमतं तिला, पण स्वतःसाठी कधी नाही.

आणि हा कॅम्प तिला जिवापलीकडे हवा असतो. हिवाळ्यात ती पंचवीस मैलांवर हाल्वरसन गावातल्या घरात असते. मार्च लागला की माझ्या खोलीतल्या तारेच्या फोनवर तिचे फोन सुरू. “मर्ल, सहज केला. तळ्यावरचा बर्फ कसा आहे?” मी सांगतो, “अजून ट्रक जाईल वरून.” दोन दिवसांनी पुन्हा, “मर्ल, सहज केला.” एप्रिलच्या अखेरीपर्यंत मला फोनची घंटा ऐकली की थंडी वाजते.

तर मुद्द्याची गोष्ट. या वर्षी आमच्या भागाच्या जंगल कचेरीत नवी साहेबीण आली, रेने ओर्टेगा. न्यू मेक्सिकोची, तिशीतली, कामाला वाघीण. आल्या आल्या तिनं सगळे कॅम्प पालथे घातले, आमच्या पंपातली झिजलेली कातडी चकती बदलून दिली, जी मी सहा वर्षं मागत होतो. मला ती आवडली. जे मनात ते तोंडात. आमच्याकडे असं माणूस म्हणजे रविवारी बँक उघडी असण्यासारखं.

ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी ती आर्डिसकडे आली. मी तिथेच होतो. आर्डिसने आमच्याकडच्या रीतीने अंडं घालून उकळलेली कॉफी केली होती. रेनेने पहिल्याच विचारण्याला “हो, द्या की,” म्हणून कप पुढे केला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. इकडचं तिकडचं झालं. मग रेने म्हणाली, “आर्डिस, पुढच्या वर्षीचं ठरवायचंय. तुम्ही पुन्हा कराल का? मला फार आवडेल.”

आर्डिसच्या चेहऱ्यावर लाली आली. दुसरीकडे बघत, हात पुसत ती म्हणाली, “अगं, मी काय आता म्हातारी. कुणीतरी तरुण बघ, अंगात दम असलेलं.”

हे पहिलं ‘नको’ होतं. आमच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

रेनेने तिचा हात हातात घेतला. “समजलं,” म्हणाली, “खरंच समजलं. तुम्ही इतकी वर्षं केलंत. आता तुम्हाला विश्रांती मिळायलाच हवी. मी आग्रह करणार नाही.”

आर्डिस हसली. मीही स्वस्थ बसलो, कारण निरोप अजून व्हायचा होता. आमच्याकडे निरोपाला अर्धा तास लागतो. आधी खुर्चीतून उठून, मग दारात, मग गाडीच्या खिडकीशी, आणि खऱ्या गोष्टी सगळ्या गाडीच्या खिडकीशी होतात. दुसरं विचारणं तिथे येणार, असं मी धरून चाललो होतो, आर्डिसही धरून चालली होती. ती रेनेच्या मागे चार पावलं गेलीसुद्धा. रेने उठली, “थँक यू” म्हणाली, गाडीत बसली आणि गेली. धूळ खाली बसायच्या आत ती डांबरी रस्त्याला लागली असेल.

“गेली,” आर्डिस म्हणाली.

“गेली म्हणजे? तू नको म्हणालीस तिला.”

“मी कुठे नको म्हणाले? मी म्हटलं, कुणी तरुण असेल तर बघ. ती येईल पुन्हा. अशी कशी नाही विचारणार?”

ती पुन्हा येईल म्हणून या बाईने वड्या केल्या. त्या संपल्या, म्हणजे मी संपवल्या, तर पुन्हा केल्या. खडीवर गाडी वाजली की टेबलाचं कापड सरळ करायची. मी म्हटलं, “आर्डिस, त्या खडकावर चढ आणि तिला फोन कर. तीन शब्द बोलायचेत, मला करायचं आहे.” तर म्हणते, “तिला किती कामं असतील. उगीच कशाला अडचणीत टाकू?” तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे मला त्या पंधरवड्यात नीट कळलं.

गाडी आली, पण रेनेची नाही. भलीमोठी गाडी-खोली, आयोवाची पाटी, आणि त्यातून एक साठीचं जोडपं उतरलं. ड्वेन आणि लव्हर्न श्रोडर. शेत विकून मोकळे झालेले, सभ्य, स्वच्छ, बोलायला मऊ. टोपी काढून ड्वेन म्हणाला, “कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की पुढच्या वर्षी इथली राखण आम्हाला मिळेल बहुतेक. म्हणून जरा जागा बघायला आलो. तुम्हाला त्रास तर नाही ना?”

“छे, त्रास कसला,” आर्डिस म्हणाली.

आणि तिनं त्यांना सगळं दाखवलं. मी मागून चालत होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून. पंपाला पाणी कसं पाजायचं ते दाखवलं. वादळात कुठल्या जागेवर पाणी साचतं, लून कुठल्या लव्हाळ्यात अंडी घालतात, कुठल्या संडासाचं दार आधी उचलून मग ढकलायचं, सगळं. लव्हर्न प्रत्येक गोष्टीला “अगं बाई, किती छान” म्हणत होती, संडासालासुद्धा. पहिल्या जागेवर आल्यावर ती पाण्याकडे तोंड करून उभी राहिली ती हलेचना. मग हळूच आर्डिसला म्हणाली, “शेत गेल्यापासून हे घरात नुसते भिंतीकडे बघत बसायचे. आज सकाळपासून बोलतायत. ऐकलंत ना तुम्ही?” आर्डिस म्हणाली, “ऐकलं. पंपाबद्दल चांगलं विचारत होते.” आणि त्यांना उरलेल्या वड्या बांधून दिल्या. माझ्या वाटणीच्या.

ते गेल्यावर मी मात्र सोडलं नाही. “आता तरी बोलशील? का त्यांचं सामानही तूच उतरवून देणार?”

“चांगली माणसं आहेत, मर्ल.”

“वाईट आहेत असं मी म्हटलं का? तुला हवंय की नाही, एवढंच सांग.”

ती पंपाजवळच्या बादल्या एकात एक घालायला लागली. त्या आधीच एकात एक होत्या.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. आर्डिसला सांगितलं, करवतीला धार लावायला जातोय. रेने टेबलामागे उभ्यानेच जेवत होती.

मी म्हटलं, “तुमची जरा चूक झालीय. आर्डिसला कॅम्प हवाय.”

“पण मी विचारलं, त्या नको म्हणाल्या. तुम्ही समोर होता.”

“ते नको नव्हतं.”

“मग काय होतं?”

“पहिलं नको होतं.”

रेनेने घास खाली ठेवला. मी तिला सगळं समजावलं, पहिलं, दुसरं, तिसरं. माझ्याच तोंडून ते ऐकताना मलाही जरा खुळ्यासारखं वाटलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मर्ल, माझ्या आईने आम्हा बहिणींना एकच गोष्ट शिकवली, बाई नको म्हणाली की त्याचा अर्थ नको. आणि तुम्ही मला सांगताय की माझ्या आईच्या वयाच्या बाईच्या मागे लागून तिनं हो म्हणेपर्यंत विचारत राहा?”

“तीनदाच फक्त.”

“तुम्हीच का नाही सांगत त्यांना, की मला सांगा म्हणून?”

“मी काय करतोय असं वाटतं तुम्हाला? पंधरा दिवस माझा घसा कोरडा पडलाय.”

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. “श्रोडरांना मी अजून शब्द दिलेला नाही. तळ्यातला होड्यांचा धक्का काढायच्या दिवशी मी येणारच आहे, तेही येतील, तेव्हा पक्कं करायचं ठरलंय. मी आर्डिसना आणखी एकदा विचारीन, तुम्ही एवढ्या लांब आलात म्हणून. पण एकदाच. मोठ्या माणसाच्या तोंडातून जे येईल ते मी खरं धरणार. नाहीतर मी कुणाशी कसं वागायचं?”

मी निघालो. परत येताना मी रेनेवर चिडावं की आर्डिसवर, हेही ठरेना. करवतीला धार लावायचीही राहिली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी धक्का काढतात. लाकडी फळ्यांचा, लोखंडी पायांचा हा धक्का पाण्यात तसाच राहिला तर हिवाळ्यात बर्फ त्याचा चुरा करतो. तळ्याभोवतीचे सगळे येतात, बोलवायला लागत नाही. कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवायचे, पाण्यात उतरायचं, तुकडे सोडवायचे आणि ओढत वर आणायचे. पाणी असं असतं की पहिल्या पाच मिनिटांत देव आठवतो आणि नंतर पाय आहेत हे आठवत नाही. नट सोडवायला आर्डिसच लागते. पाण्याखाली, नुसत्या बोटांनी, न बघता.

रेने आली, कुणाचे तरी दोन नंबर मोठे बूट घालून पाण्यातही उतरली. ड्वेन फळ्या उचलत होता. लव्हर्न काठावर कॉफीचं पातेलं सांभाळत होती, आणि येतानाच तिनं पहिल्या जागेजवळच्या बर्चला पाखरांचं दाण्याचं भांडं टांगलं होतं. “असूच दे हिवाळाभर,” म्हणाली, “पाखरांना आतापासूनच आमची ओळख होईल.”

अर्धा धक्का निघाल्यावर सगळे काठावर आले. हॉटडिशची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांस-बटाट्याची, भांडी उघडली. रेने कुडकुडत आर्डिसजवळ गेली आणि माझ्याकडे एक नजर टाकून, आम्हा दोघांना तरी नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आर्डिस, मला स्पष्ट विचारायचंय. तुम्हाला हा कॅम्प पुढच्या वर्षी हवा आहे का?”

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला. बोल, मी मनात म्हणत होतो. बोल गं बाई, आता तरी.

आर्डिसने लव्हर्नकडे पाहिलं, मग त्या भांड्याकडे, मग आपल्या ओल्या बोटांकडे. “अगं, आता सगळं ठरलंय ना,” ती म्हणाली. “कशाला उगीच त्रास.”

“ठीक आहे,” रेने म्हणाली. माझ्याकडे बघून तिनं खांदे उडवले आणि पाण्यात परत गेली.

मी ताटली खाली ठेवली आणि झाडांत जाऊन एका बुंध्याला लाथ मारली. रबरी बुटातून लाथ मारून काही होत नाही, फक्त अंगठा दुखतो. दुसरं ‘नको’ झालं होतं, तिसरं विचारणं येणार नव्हतं, आणि ते येणार नाही हे आता आर्डिसलाही कळलं होतं. उरलेला धक्का काढताना एक नट तिच्या हातून पाण्यात पडला. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

काम संपलं. लोक निरोप घ्यायला लागले, म्हणजे कुणीच गेलं नाही. रेने मात्र आपल्या सवयीप्रमाणे बूट काढून, “सोमवारी कचेरीत भेटू,” असं श्रोडरांना सांगून ट्रकमध्ये बसली. इंजिन सुरू झालं. गाडी मागे यायला लागली.

आर्डिस माझ्या शेजारी उभी होती. ती चालायला लागली. बुटांतून पाणी गळत होतं. तिला पळता येत नाही, त्या बुटांत तर नाहीच, तरी ती ज्याला पळणं म्हणता येईल असं काहीतरी करत ट्रकपर्यंत पोहोचली आणि तिनं काचेवर मुठीने ठोकलं. रेनेने करकचून ब्रेक लावला.

काच खाली आली. “मला हवाय,” आर्डिस म्हणाली.

“काय?”

“कॅम्प. मला हवाय. पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही हवा होता.” तिचा आवाज एवढा मोठा झाला होता की सगळे वळून बघायला लागले. माझ्या आठवणीत ती हार्लनच्या दफनालाही इतक्या मोठ्याने बोलली नव्हती. “गावातल्या घरात, रेने, पहिला बर्फ पडला की तो वितळेपर्यंत माझं दार कुणी वाजवत नाही. कुणाला मला त्रास द्यायचा नसतो. इथे सकाळी सहाला कुणीतरी दार ठोकतं, पंप चालत नाही म्हणून. मला ते लागतं. त्याच्याशिवाय मी जगू शकेन, पण मला जगायचं नाही.”

रेनेने इंजिन बंद केलं. खाली उतरली आणि आधी आर्डिसकडे, मग माझ्या पाठीमागे बघितलं. श्रोडर दोघंही तिथे उभे होते. लव्हर्नच्या हातात कॉफीचं रिकामं पातेलं होतं.

“मी तुम्हाला पक्का शब्द दिला नव्हता,” रेने त्यांना म्हणाली, “पण तुम्ही मनाशी धरलं असेल, हे मला माहीत आहे. आता काय करायचं, तुम्हीच सांगा.”

ड्वेनने टोपी काढली, पुन्हा घातली. तो बायकोकडे बघत होता. लव्हर्न हसली. तोंडभर हसली, आमच्याकडे बायका हसतात तशी. “छे, आमचं काय एवढं!” ती म्हणाली. “आम्ही काय, कुठेही राहू. तुमचीच जागा आहे ती, आर्डिस. आम्हाला काही वाटणार नाही, अगदी खरं.”

तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला हे काय आहे ते कळलं. आयोवा काही फार लांब नाही, तिथेही हेच चालतं. हे पहिलं ‘नको’ होतं. आता आर्डिसने ‘नाही नाही, तुम्हीच घ्या’ म्हणायचं, लव्हर्नने ‘कशाला’ म्हणायचं, आर्डिसने आणखी एकदा आग्रह करायचा, आणि मग लव्हर्नने मान खाली घालून हो म्हणायचं, असंच ते जाणार होतं. आमच्यात ज्याला माणुसकी म्हणतात ती हीच. महिनाभर मी या बाईच्या मागे लागून ती मोडायला सांगत होतो, आणि आता मला लव्हर्नच्या तोंडाकडे बघवेना.

आर्डिसने बघितलं. चांगला बराच वेळ बघितलं. त्या हसण्यामागे काय होतं ते आमच्या सगळ्यांत तिलाच जास्त कळत होतं.

“थँक यू,” ती म्हणाली. “घेते मी.”

लव्हर्न म्हणाली, “बरं झालं,” आणि पातेलं धुवायला पंपाकडे गेली. पंपाला आधी पाणी पाजायचं हे तिच्या लक्षात होतं. ड्वेन बर्चवरचं दाण्याचं भांडं काढायला लागला, तेव्हा आर्डिस त्याला म्हणाली की राहू दे, आणि तो म्हणाला की नको. धक्क्याचा एक पाय अजून पाण्यात राहिला होता. तो आणायला मी उतरलो.